जोडशब्दाचा आवाज

जपानीत 'देन्वा' म्हणजे टेलिफोन आणि 'बान्गोऽ' म्हणजे नंबर. दोन्ही शब्द सुरुवातीच्या धड्यांतच भेटतात. पुढे कधीतरी 'देन्वाबान्गोऽ', म्हणजे फोन नंबर, समोर येतो आणि शिकणारा त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. दोन्ही तुकडे पाठ आहेत, मग तिसरं काय शिकायचं राहिलं?

बरंच राहिलेलं असतं. टोकियोतला माणूस सुटा 'देन्वा' म्हणतो तेव्हा 'दे' खालच्या स्वरात असतो, पुढचा आवाज वर चढतो आणि शेवटपर्यंत वरच राहतो. सुट्या 'बान्गोऽ'मध्ये आवाज 'गो'पर्यंत वर असतो आणि तिथून उतरतो. हे दोन शब्द जोडले की 'बान्गोऽ'चा हा उतार आपली जागा सोडतो. 'देन्वाबा' एवढा भाग एका चढात जातो आणि आवाज 'बा'नंतर लगेच खाली येतो. जोडलेल्या शब्दाला एकच चढ आणि एकच उतार. 'केइताइ' (जवळ बाळगण्याचं) आणि 'देन्वा' हे सुटे असताना दोन्ही सपाट, कुठेच न उतरणारे. त्यांचा 'केइताइदेन्वा', म्हणजे मोबाइल फोन, झाला की 'दे'नंतर उतार येतो. तो दोन्ही तुकड्यांत नव्हता, जोडणीतून जन्मला.

या प्रकरणाचं सगळं म्हणणं यातून निघतं. जपानी जोडशब्दाचा उच्चार त्याच्या तुकड्यांत सापडत नाही, म्हणून फ्लॅशकार्डावर आवाज घालायचा तो अख्ख्या जोडशब्दाचा. एकेका कांजीचं, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षराचं, वाचन ऐकवणारी कार्डं वेळ खातात आणि कानाला चुकीचं वळण लावतात. (या प्रकरणात लांब स्वर दाखवायला मी अवग्रह वापरला आहे, त्याचं कारण पुढे येईलच.)

रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या कांजींची संख्या 2010 पासून 2136 आहे. त्या जोडून होणारे शब्द मात्र हजारोंनी आहेत. वर्तमानपत्र, सरकारी अर्ज, औषधाची चिठ्ठी, कारखान्यातली सूचना या साऱ्यांचा कणा दोन, तीन, चार कांजींचे हे शब्द आहेत. त्यांना 'जुकुगो' म्हणतात. सांध्यावर यांत काय काय घडतं ते पाहिलं की आवाजाशिवाय ते शिकणं किती अवघड आहे हे लक्षात येतं.

'गाकु' (शिकणं) आणि 'कोऽ' (शाळा) मिळून 'गाकुकोऽ' होत नाही, 'गाक्कोऽ' होतं. मधला 'कु' गळतो आणि त्याच्या जागी एक मात्राभर थांबा येतो. तो थांबा पूर्ण एका मात्रेचा असतो, म्हणून 'गाक्कोऽ' चार मात्रांचा शब्द: गा, थांबा, को, ओ. 'हात्सु' आणि 'ह्योऽ' मिळून 'हाप्प्योऽ' (जाहीर करणं) होतं. तोच 'हात्सु' 'ओन्'ला जोडला की जसाच्या तसा राहून 'हात्सुओन्' म्हणजे उच्चार होतो. काही वेळा कोश एक सांगतो आणि तोंड दुसरं बोलतं. धुलाई यंत्राला लेखी 'सेन्ताकुकी', पण बोलताना बहुतेक सगळे 'सेन्ताक्की' म्हणतात. मत्स्यालय लिहिताना 'सुइझोकुकान्', ऐकताना 'सुइझोक्कान्'. ज्याने कार्ड नुसतं वाचून पाठ केलं तो हे शब्द ऐकूनही ओळखत नाही.

अस्सल जपानी मुळाच्या शब्दांत दुसरा बदल होतो. दुसऱ्या भागातलं पहिलं कठोर व्यंजन मृदू होतं. 'ते' (हात) आणि 'कामी' (कागद) मिळून 'तेगामी', म्हणजे पत्र. 'हाना' (फूल) आणि 'हि' (आग) मिळून 'हानाबी', म्हणजे आतषबाजी. पण 'हारु' (वसंत) आणि 'काझे' (वारा) मिळून 'हारुकाझे'च राहतं, कारण 'काझे'मध्ये 'झ' हे मृदू व्यंजन आधीच आहे आणि अशा शब्दात आणखी एक मृदू व्यंजन सहसा येत नाही. हा नियम लायमनच्या नावाने ओळखला जातो. बेंजामिन स्मिथ लायमन हा अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ. 1870 मध्ये त्याने पंजाबातल्या तेलाच्या जागांची पाहणी केली, मग जपानच्या होक्काइदो बेटावर कोळसा शोधायला गेला, आणि 1894 मध्ये जपानी जोडशब्दांवर लेख लिहिला. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या जपानी पंडितानेही हीच गोष्ट टिपली होती. नाव मात्र खडक तपासणाऱ्या परदेशी माणसाचं लागलं. नियम इतका सुरेख असूनही तो फक्त बदल कुठे होत नाही ते सांगतो, कुठे होईल ते सांगत नाही. एकाच कांजींनी लिहिलेलं आडनाव एका घरी 'नाकाजिमा' असतं आणि दुसऱ्या घरी 'नाकाशिमा'.

तिसरा बदल आपल्या ओळखीचा आहे. 'तेन्' (आकाश, स्वर्ग) आणि 'ओऽ' (राजा) मिळून 'तेन्नोऽ', म्हणजे सम्राट. 'कान्' आणि 'ओन्' मिळून 'कान्नोन्', म्हणजे अवलोकितेश्वर. पुढच्या स्वरावर मागच्या 'न्'ने चढून बसायचं. याला जपानीत 'रेन्जोऽ' म्हणतात आणि ही संज्ञा बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आली. त्या अभ्यासात ते संस्कृतातली संधी शिकत. काना या उच्चार लिहिणाऱ्या लिपीतल्या अक्षरांचा 'आ इ उ ए ओ' आणि पुढे 'क स त न ह म य र व' हा क्रमही तिथूनच जपानात पोचला. आपली संधी बरीचशी नियमाने चालते. जपानीतली जुन्या काळी काही शब्दांत घडली आणि तिथेच थिजली. 'तेन्' आणि 'इन्' मिळून दुकानातल्या नोकराला 'तेन्निन्' म्हणावं असं वाटेल, पण शब्द आहे 'तेन्-इन्': मधला 'न्' जिभेला टाळू लागू न देता नाकातूनच जातो आणि लगेच 'इ' येतो. कोणता शब्द कोणत्या बाजूला आहे हे कांजीकडे बघून कळत नाही. लग्न ठरवणं म्हणजे 'कोन्-याकु' आणि कंदापासून केलेली जेलीसारखी भाजी म्हणजे 'कोन्न्याकु'. फरक त्या 'न्'च्या वागण्याचा.

मराठी माणसाला या आवाजांपैकी काही फुकट मिळालेले आहेत. 'संशय', 'संवाद' म्हणताना आपण अनुस्वाराचा जो नासिक्य उच्चार करतो त्याच्या जवळचाच 'रेन्-आइ' (प्रेम) या शब्दातला 'न्' आहे. 'चमचा' आणि 'चमचे' म्हणून पाहा. 'चमचा'तले दोन्ही 'च' दंतमूलाचे आहेत, 'चमचे'तला दुसरा तालव्य. जपानी 'त्सु' आणि 'चि' हीच जोडी आहे, आणि तिथेही कोणता येणार हे पुढचा स्वरच ठरवतो. शब्दाच्या सुरुवातीच्या जपानी 'झा'साठी 'जरा'तला 'ज' चालतो. म्हणजे तोंडाला सवय आहे. अडचण वहीत होते. आपली लिपी दोन्ही 'च' एकाच अक्षराने लिहिते आणि लांब 'ओ', लांब 'ए' वेगळे लिहायची सोय तिच्यात नाही, कारण मराठीला ती लागलीच नाही. 'कोको' म्हणजे 'इथे' आणि 'कोऽकोऽ' म्हणजे माध्यमिक शाळेनंतरची शाळा. अवग्रह न घालता दोन्ही 'कोको'. ज्याने देवनागरीत टिपणं काढून शब्द पाठ केले त्याच्या डोक्यात हे दोन शब्द एकच होऊन बसतात. काना शिकल्यावर ही अडचण बरीच सुटते. स्वराच्या चढउताराची मात्र काना लिपीनेही सुटत नाही, कारण काना तो दाखवतच नाही. 'हाशि' आधी उंच मग उतरता म्हटला तर जेवायच्या काड्या, आधी खाली मग चढता म्हटला तर पूल. लिहिताना दोन्हीची दोन अक्षरं तीच.

कार्डावर आवाज घालायची धडपड घरोघरच्या संगणकाच्या आधीची आहे. विसरण्याचा वेग मोजणारं हेर्मान एबिंगहाउसचं पुस्तक 1885 चं. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनरने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, न आलेलं पहिल्यात. कागदाच्या त्या कार्डाला आवाज नव्हता. पण 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत बेल अँड हॉवेल कंपनीचं 'लँग्वेज मास्टर' नावाचं यंत्र आलेलं होतं. त्याची कार्डं लांबट, आणि खालच्या कडेला ध्वनिफितीची पट्टी चिकटवलेली. कार्ड खाचेत सरकवलं की ते यंत्रातून पुढे जाई आणि शब्द ऐकू येई. त्या पट्टीवर दोन मार्ग असत, एक शिक्षकाचा आणि एक विद्यार्थ्याचा. मुलाने आपला आवाज भरायचा, मग दोन्ही एकामागोमाग ऐकायचे. आज आपण फोनवर जे करतो त्याचा सारा विचार त्या कार्डात आहे. 1987 मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने उजळणीची वेळ संगणकाने ठरवण्याची पद्धत चालवली. तिच्याच आधारावर डेमियन एल्म्सने 2006 मध्ये 'अँकी' हे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर आणलं, आणि जपानी शिकणाऱ्यांच्या फोनमध्ये ते आता घर करून आहे.

अँकीत आवाज घालणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. नोंदीत 'आवाज' नावाचा एक रकाना करायचा आणि त्यात ध्वनिफाइल टाकायची. ॲप तिचं नाव चौकटी कंसात लिहून ठेवतं आणि फाइल माध्यमांच्या एकाच फोल्डरमध्ये जाते. त्या फोल्डरमध्ये उपफोल्डर नसतात, म्हणून फाइलीला नाव देताना कांजी आणि वाचन दोन्ही लिहावं. नुसत्या कांजीने नाव दिलं तर दोन वाचनांच्या दोन फाइली एकाच नावाच्या होऊन गोंधळ घालतात. जागेची काळजी नको. एका वाहिनीची, सेकंदाला 64 किलोबिटची एमपी3 फाइल म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. दोन सेकंदांचा शब्द 16 किलोबाइटचा, आणि असे 5000 शब्द 80 मेगाबाइटमध्ये बसतात.

खरा प्रश्न आवाज आणायचा कुठून हा. सर्वांत हाताशी असलेला उपाय म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज, आणि जोडशब्दांसाठी तोच सर्वांत फसवा. एकटा शब्द कांजीत दिला तर यंत्राला वाचन निवडावं लागतं. दोन कांजींचा एकच शब्द: भाजी-मासळीचा बाजार असेल तर 'इचिबा', अर्थशास्त्रातला बाजार असेल तर 'शिजोऽ'. दुसरा एक शब्द सजीव या अर्थाने 'सेइबुत्सु', आणि कच्चा, लवकर नासणारा पदार्थ या अर्थाने 'नामामोनो'. 'कुशल' या अर्थाचा 'जोऽझु' लिहितात त्याच कांजींनी रंगभूमीची एक बाजू 'कामिते' आणि सुमो कुस्तीतली पकड 'उवाते' लिहितात. टोकियोत ज्या पुलापासून रस्त्यांची अंतरं मोजली जातात तो 'निहोन्बाशि'. ओसाकात त्याच तीन कांजींची विजेच्या वस्तूंची पेठ 'निप्पोन्बाशि'. यंत्राने यातलं एक उचललं आणि तुमच्या कार्डावर दुसरं लिहिलेलं असलं, तर तुम्ही रोज सकाळी चुकीचा शब्द बरोबर म्हणून ऐकत राहता.

मग लोक शब्द काना लिपीत लिहून देतात. वाचन बरोबर येतं, पण आता यंत्राला हे कळत नाही की शब्द कोणता आहे, आणि ते उतार अंदाजाने कुठेतरी ठेवतं. 'हाशि' कानात दिली तर पूल म्हणावा की काड्या? कांजी द्यावी तर वाचन चुकतं, काना द्यावा तर स्वर चुकतो. यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. शब्द एकटा न देता छोट्या वाक्यात द्यावा, म्हणजे संदर्भावरून यंत्र वाचन आणि स्वर दोन्ही बहुतेक वेळा बरोबर पकडतं. किंवा व्हॉइसवॉक्ससारखं, 2021 मध्ये आलेलं फुकट जपानी सॉफ्टवेअर वापरावं, ज्यात उतार कुठे हे हाताने सरकवून ठरवता येतं. दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो, पण दुर्मिळ शब्दासाठी तो करावा.

माणसाचा आवाज मिळत असेल तर आधी तो घ्यावा. शिकागो विद्यापीठाच्या 'कांजी अलाइव्ह' या उपक्रमात 1235 कांजी आणि त्यांच्या उदाहरणशब्दांची जपानी माणसांनी केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, आणि श्रेय देऊन ती वापरायला मोकळीक आहे. नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे वाचन आणि आवाज एकाच हाताने जुळवलेले आहेत. वाचता वाचता शब्द गोळा करायचे तर 'योमितान' हे ब्राउझरचं साधन कांजी आणि वाचन दोन्ही बघून आवाज शोधतं आणि कार्डात टाकतं. 'फोर्व्हो'वर जगभरचे लोक आपल्या भाषेतले शब्द बोलून ठेवतात. तिथे बोलणारा कुठला हे बघावं. ओसाकाच्या माणसाचा 'हाशि' टोकियोच्या बरोबर उलट असतो. तो चूक नाही, त्याच्या गावचा आहे. पण दोन गावांचे आवाज एकाच डेकमध्ये (कार्डांच्या गठ्ठ्यात) मिसळले की शिकणाऱ्याच्या कानाला वळणच लागत नाही. शंका आली तर ताडून पाहायला एनएचकेचा उच्चारकोश आहे; 1943 पासून निघणाऱ्या या कोशाच्या 2016 च्या आवृत्तीत सुमारे 75 हजार शब्द आहेत. टोकियो विद्यापीठाचा ओजाड हा ऑनलाइन कोश फुकट आहे, आणि त्यातलं 'सुझुकी-कुन्' हे साधन दिलेल्या वाक्यावर स्वराची चढती-उतरती रेघ काढून दाखवतं.

अशी रेघ काही दिवस बघितली की जोडशब्दांच्या काही सवयी हाताला लागतात. 'चूऽगोकु' (चीन) 'चू'नंतर उतरतो, पण भाषेचं 'गो' लागून 'चूऽगोकुगो' झाला की सारा शब्द सपाट. मराठीला जपानीत 'माराऽतीऽगो' म्हणतात, तोही सपाट. माणसाचं 'जिन्' लागलं की उतार बहुधा 'जिन्'च्या आधी येतो: 'इन्दो'त तो 'इ'नंतर असतो, 'इन्दोजिन्'मध्ये 'दो'नंतर. आणि ज्याची सर्वांत जास्त गरज लागते तो 'निहोन्जिन्' (जपानी माणूस) मात्र या नियमाला अपवाद, तिथे उतार 'जि'नंतर.

आता कार्डाच्या मांडणीकडे. कांजीचं कार्ड असेल तर आवाज मागच्या बाजूलाच हवा. पुढच्या बाजूला शब्द दिसताक्षणी आवाज आला तर डोळ्याने काही आठवायची वेळच येत नाही आणि वाचन कच्चं राहतं. ऐकण्याची तयारी हवी तर त्याच नोंदीतून दुसरं कार्ड निघावं, ज्याच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज. पुण्यात वर्षानुवर्षं जपानी क्षमता परीक्षेला बसणाऱ्यांना याची गरज वेगळी सांगायला नको. एन1, एन2, एन3 या पातळ्यांवर 180 गुणांपैकी 60 ऐकण्याचे आहेत आणि तिथे 19 पेक्षा कमी पडले तर एकूण गुण कितीही असोत, नापास. पण आवाजाच्या कार्डात एक मेख आहे. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजे रसायनशास्त्र, दोन्हींचा स्वरही तोच. 'कोऽएन्' बाग असू शकते, व्याख्यान असू शकतं, नाटकाचा प्रयोगही असू शकतो. जपानी माणसंही असे शब्द संदर्भानेच ओळखतात. तेव्हा अशा शब्दांच्या ऐकायच्या कार्डावर सुटा शब्द न घालता तीन-चार सेकंदांचं वाक्य घालावं, आणि सुटा शब्द मागे ठेवावा.

सगळं करूनही काही शब्द राहतात ज्यांचा आवाज कुठेच मिळत नाही. कामाच्या ठिकाणचे, यंत्राच्या भागांचे, एखाद्या कायद्याचे पाच-सहा कांजींचे शब्द. ते एखाद्या जपानी शिक्षकाकडून किंवा सहकाऱ्याकडून भरून घ्यावेत. यादी छापून द्यावी, वाचन काना लिपीत लिहून द्यावं, म्हणजे त्यांनाही अडखळायला होत नाही. कार्यालयीन शब्द असेल तर तो तुम्हाला कुठे दिसला तेही लिहावं, कारण एकाच शब्दाचं कचेरीतलं आणि घरातलं वाचन वेगळं असू शकतं. फोन तोंडापासून वीतभर दूर ठेवला तर 'प' आणि 'ब'चा श्वास माइकवर आदळत नाही. आणि प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला सांगावा: एकदा सुटा आणि एकदा मागे 'गा' हा प्रत्यय लावून. 'हाना' म्हणजे फूल आणि 'हाना' म्हणजे नाक, सुटे म्हटले तर टोकियोतही सारखेच ऐकू येतात. 'हाना-गा' म्हटलं की फुलाचा 'गा' खाली पडतो आणि नाकाचा वरच राहतो. शब्दाच्या अगदी शेवटी असलेला उतार पुढे काही आल्याशिवाय ऐकूच येत नाही, म्हणून हा प्रत्यय. दोन्ही उच्चार एकाच फाइलीत, मध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा, सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापलेली, आणि सगळ्या फाइलींचा आवाज सारख्या पातळीवर आणलेला. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे शेकडो फाइलींना एकदम करता येतं. भरून देणाऱ्याला आधी विचारावं की हा आवाज फक्त तुमच्या फोनमध्ये राहणार की डेक इतरांनाही देणार. बरेच लोक पहिल्याला आनंदाने हो म्हणतात आणि दुसऱ्यासाठी थोडा विचार करतात.